आमचंच पोरगं हूड

काष्टीच्या स्टँडवर आबा माझी ट्रंक खांद्यावरनं खाली ठेवायलाच तयार नव्हते. बाजाराचा दिवस होता. शेळ्या, कोंबड्या, कांद्याची पोती आणि त्यांच्यामध्ये माणसं अशी सगळी दाटी. दौंडवरनं पुण्याला जाणारी गाडी लागली, तसा माझा थोरला भाऊ बबनदादा पुढं घुसला आणि डाव्या हातानं खिडकीतून रुमाल टाकून त्यानं माझी जागा धरली. उजव्या हाताची बाही त्यानं दुमडून पिन लावलेली होती. आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली, वरनं दोन कांदे दिले, आणि पदर डोळ्याला लावला. हे सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच झालं. फक्त आबा काही बोलले नाहीत.

तुम्हाला सांगते, आमच्या घरातून कुणीही बाहेर निघालं की आबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. मी श्रीगोंद्याला हायस्कूलला गेले तेव्हाही त्यांनी ते सांगितलं होतं. "सुमे, कुठं वाजलंच तर चूक आपल्याकडं घ्यावी. मानूस तुटत न्हाई." मी तेव्हा हसले होते. त्या दिवशी स्टँडवर मी ते ऐकायला थांबले होते, आणि आबा गाडीच्या चाकाकडं बघत उभे होते. कंडक्टरनं घंटी मारली. आबा बोलले असते तर मला रडू आलं असतं. बोलले नाहीत म्हणून राग आला. त्या रागावरच मी पुण्याला गेले, खोटं कशाला सांगू?

वाडीतले तुम्ही सगळे म्हणता, नामदेवाची सुमी पुण्याला जाऊन फार तोंडाळ झाली. आमच्यातलेच जे चिंचवडला नाहीतर मुंबईला गेलेत, ते म्हणतात, जुनं उकरून काय मिळणार आहे? काही मिळणार नाही, मला माहीत आहे. पण त्या वाक्याचं काय झालं ते तुम्हाला धड ठाऊक नाही. तुम्हाला वाटतं बबनची केस पैशापायी गेली, वशिल्यापायी गेली. अहो, केस गेली ती आपल्या सगळ्यांच्या एका सवयीपायी.

ती सवय तुमच्याही घरात आहे. बबनदादा लहान होता तेव्हा शेजारच्या किसनतात्यांच्या बैलानं त्याला शिंगावर घेतलं होतं. मांडी फाटली. संध्याकाळी तात्या लोटाभर दूध घेऊन आमच्या दारात येऊन उभे राहिले. मान खाली. आबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, आईला चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "किसना, तू मनाला लावून घिऊ नको. आमचंच पोरगं हूड. कुनाचं ऐकत न्हाई. बैलाच्या वाटंला त्योच गेला आसंल." बबन तर आपल्या कडब्याच्या पेंड्यांजवळ खेळत होता, बैलच दावं तोडून आला होता, हे सगळ्या वाडीनं पाहिलेलं. आबांनाही माहीत होतं. पण तसं म्हणायचं असतं. आणि मग समोरच्यानं काय म्हणायचं असतं, तेही ठरलेलं. तात्या म्हणाले, "न्हाई नामा, माझंच चुकलं. दावं जुनं झाल्तं, मला कळाया पायजे हुतं." चहा झाला. दुसऱ्या दिवशी तात्यांनी आमचं खालचं रान न सांगता नांगरून दिलं, आणि बबनची मांडी भरेपर्यंत दूध त्यांच्याकडनं येत राहिलं.

म्हणजे हा सौदा दोन बाजूंचा होता. ज्याचं नुकसान झालं त्यानं आधी चूक आपल्याकडं घ्यायची, म्हणजे समोरच्याला मान वर करता येते. आणि मान वर झाली की त्यानं ती चूक परत मागून घ्यायची आणि भरून द्यायची. पुढचं आयुष्य त्या ओट्यावर बसता यावं म्हणून हे सगळं चालायचं. आबांनी जन्मभर असाच व्यवहार केला आणि तो कधी बुडाला नाही.

मग बबनदादा साखर कारखान्यात लागला. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. हंगामापुरतं काम, गव्हाणीवर. गव्हाण म्हणजे जिथं गाडीतला ऊस पडतो आणि साखळीवरनं पुढं कापणीच्या पात्यांकडं सरकत जातो ती जागा. बहात्तरच्या दुष्काळाआधीचा हंगाम, ऊस मायंदाळ आलेला, बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत. साखळीत उसाची मोळी अडकली. मुकादम वरनं ओरडला, "मशीन थांबवायचं न्हाई, रांग बघ किती झाली! काढ ती मोळी!" बबननं मोळी ओढली. साखळी सुटली आणि तिनं मोळीबरोबर त्याचा हात कोपरापर्यंत नेला.

त्याला कुणी सांगितलं होतं आणि त्यानं ते ऐकलं होतं, एवढंच. जन्मात एकदा त्या पोरानं मुकाट्यानं ऐकलं!

नगरच्या सिव्हिलमध्ये तो पडून होता, अर्धा शुद्धीवर. आबा खाटेखाली धोतराचं टोक अंथरून झोपायचे. मी अकरावी पास झालेली, घरात एकटीच शिकलेली, म्हणून औषधाच्या चिठ्ठ्या वाचायला मला नेलेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कारखान्याचे कामगार अधिकारी आले. बरोबर एक कारकून आणि मोसंब्यांची पिशवी. माणूस वाईट नव्हता हो, तेच तर दुखतं. खाटेजवळ उभं राहून म्हणाले, "आबा, फार वाईट झालं. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटतंय."

आबा खालनं उठले. धोतर झटकून साहेबांना स्टूल दिलं. आणि मला कळायच्या आत त्यांच्या तोंडून ते वाक्य निघालं. "साहेब, तुमी मनाला लावून घिऊ नका. आमचंच पोरगं हूड. लहानपनापासनं कुनाचं ऐकत न्हाई. तुमी नको म्हनला आसाल, तरी ह्यानंच हात घातला आसंल."

एवढं बोलून आबा थांबले. मी त्यांच्याकडं बघत होते. किसनतात्यांनी जिथं "न्हाई नामा" म्हटलं होतं, त्या जागी येऊन ते थांबले होते. आता साहेब बोलतील, मग आपण पाणी देऊ, मग पुढचं बोलणं होईल.

साहेब म्हणाले, "खरंय." आणि कारकुनाकडं वळून म्हणाले, "घ्या लिहून."

कारकुनानं लिहिलं, नीट वाचून दाखवलं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. आबांनी सही केली. भेटीला आलेल्या माणसाला सहीसाठी कोण नाही म्हणतं? जाताना साहेबांनी मोसंब्या माझ्या हातात दिल्या. त्या मी बाहेर झाडूवालीला देऊन टाकल्या, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढं अर्ज झाला. नगरलाच कामगार नुकसानभरपाईच्या कमिशनरसमोर सुनावणी. आमचे वकील तरुण होते, त्यांनी आम्हाला धीर दिला होता. कामावर हात गेला की मालकाला भरपाई द्यावीच लागते, म्हणाले, कामगाराचा निष्काळजीपणा असला तरी. मालकाला सुटायला वाटा दोन-तीनच. कामगार दारू प्यायला होता, नाहीतर त्यानं मशीनची जाळी मुद्दाम काढली, नाहीतर सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. आपल्या बबननं यातलं काहीच केलं नव्हतं!

मुकादम आला आणि शपथेवर म्हणाला, मशीन चालू असताना हात घालू नको असं मी बजावलं होतं. तो कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता. बाकीचे गव्हाणीवरचे, ज्यांच्यासमोर सगळं घडलं, ते मूग गिळून बसले. पुढच्या हंगामाला त्यांना परत तिथंच जायचं होतं. त्यांची नावं मी घेत नाही. त्यांच्यातले दोघं हे वाचतील.

आणि मग आबांची उलटतपासणी. कारखान्याच्या वकिलांनी तो कागद त्यांच्यापुढं धरला.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"हे शब्द तुमचेच?"

"व्हय."

"म्हणजे मुलगा कुणाचं ऐकत नाही, हे खरं. की तुम्ही तेव्हा खोटं बोललात?"

आबांनी आमच्याकडं बघितलं. खरं म्हणावं तर पोराचा हक्क जातो, खोटं म्हणावं तर आपण खोटारडे. मग हात जोडून ते म्हणाले, "साहेब, ते तसं म्हनायचं आस्तंय."

वकील हसले. कमिशनरसाहेब हसले नाहीत, पण त्यांनाही ते समजलं नाही. त्यांनी इंग्रजीत काहीतरी लिहून घेतलं. पुढं साक्षीची नक्कल मिळाली तेव्हा मी डिक्शनरी घेऊन बसले. साक्षीदार आपलं विधान कबूल करतो, इतकंच होतं. तसं म्हणायचं असतं, हे वाक्य कुठंच नव्हतं. ते इंग्रजीत कसं लिहितात, मला अजून सापडलेलं नाही.

अर्ज फेटाळला. निकालात दोन शब्द होते, विल्फुल डिसओबीडियन्स. जाणूनबुजून, हट्टानं केलेला आज्ञाभंग. मी वाचून आबांना अर्थ सांगितला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. माझ्या डोक्यात तर अशी तिडीक गेली! माणूस हट्टानं आपला हात पात्यांत घालतो म्हणे! हुकूम पाळला म्हणून हात गेला, आणि हुकूम मोडला म्हणून भरपाई गेली. आणि त्याला साक्ष कुणाची, तर जन्मदात्या बापाची.

वाडीत तेव्हा सगळे काय म्हणालात? "जाऊ द्या." आणि कुणीकुणी, आमच्या चुलीजवळ बसून चहा पिता पिता, "नामदेवानं असं बोलायला नको हुतं." तुम्ही म्हणालात हे! आबांच्या जागी तुमच्यातला एकजण तरी दुसरं काही बोलला असता का? त्या बोलण्यानंतर आबा आठवडाभर शेतातल्या खोपीतच जेवले.

पुढचा हंगाम सुरू करताना गव्हाणीत पहिली मोळी टाकायच्या कार्यक्रमाला बबनदादाला बोलावणं आलं. कारखाना त्याला काहीतरी देणार होता, भरपाई म्हणून नाही, एक्स ग्रेशिया म्हणून, म्हणजे मेहरबानी म्हणून. मांडव, हार, लाउडस्पीकर. बबन स्टेजवर गेला. चेअरमननी पाकीट पुढं केलं. बबननं डावा हात पुढं केला, आणि शेजारी उभा असलेला एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, "आरं, उजव्या हातानं घ्यावं." माइकमधनं ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बबननं पाकीट घेतलं आणि तो खाली उतरून तसाच घरी आला.

त्यानंतर मी ठरवलं की हे शब्द मला शिकायचेत. लग्नाचं चाललं होतं, ते मी मोडीत काढलं. खडकीला मामा होते, त्यांच्याकडं राहिले, टायपिंग केलं आणि शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात लागले. पहिल्याच महिन्यात बबनच्या निकालाची नक्कल साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. म्हणाले, "अपिलाला जागा होती. पण लिमिटेशन संपलं." लिमिटेशन म्हणजे मुदत. तिच्या आत आलात तर तुमचं दुःख कोर्टाला दिसतं, नाहीतर नाही. आमच्या वाडीत मला एक माणूस माहीत आहे, त्याच्याकडनं आमची कडब्याची गंजी पेटली होती आणि तो वर्षानं माफी मागायला आला. आईनं त्यालाही चहा दिलाच होता.

आता ते सगळे शब्द माझ्या बोटांवर आहेत. क्लेमंट, अपोझिट पार्टी, लायबिलिटी, क्वांटम. पत्राच्या डोक्यावर विदाउट प्रेज्युडिस टाइप करते, म्हणजे आत कितीही गोड लिहिलं तरी ते आमच्यावर उलटवायचं नाही. साहेब अशिलांना बजावतात, अपघात झाला की तोंड उघडायचं नाही, वाईट वाटलं असंसुद्धा म्हणायचं नाही. कायद्याच्या शेवटी एक शेड्यूल आहे. त्यात हात, अंगठा, डोळा, पायाची बोटं, सगळ्यांची टक्केवारी लावलेली. मी एकदा आईला ते समजावून सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. "म्हंजी बकऱ्याच्या मटनावानी?" म्हणाली. मी म्हटलं, हो, तसंच.

मीही बदलले. मागच्या महिन्यात लक्ष्मी रोडवर माझी सायकल एका बाईंना घासली. त्यांच्या पिशवीतले टोमॅटो रस्ताभर झाले. चूक माझी होती, मी दुकानाच्या पाटीकडं बघत होते. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "दिसत नाही का तुम्हाला?" बाईही काही कमी नव्हत्या. आम्ही भर रस्त्यात भांडलो आणि टोमॅटो तसेच टाकून दोन दिशांना गेलो. त्या बाईंचं तोंड मला आठवतं, नाव मला कधीच कळणार नाही.

दुष्काळ ओसरल्यावरच्या दिवाळीला मी घरी आले होते. किसनतात्यांची जुनी बैलजोडी दुष्काळात गेलेली, नवी जोडी बाजारातनं आणलेली, अजून गाडीला न सरावलेली. विहिरीच्या वाटेवर ती बुजली आणि गाडीचं चाक आईच्या पावलावरनं गेलं. हाड मोडलं. श्रीगोंद्याला नेऊन प्लास्टर घातलं, आईला आतल्या खोलीत निजवलं, आणि दिवे लागायच्या वेळेला तात्या दारात येऊन उभे राहिले. हातात दुधाचा लोटा. मान खाली. अगदी तेव्हासारखेच, फक्त केस पांढरे झालेले.

आबा ओट्यावर बसले होते. खांबाला टेकून बबनदादा. मी चहाचं आधण ठेवून बाहेर आले. आता आबा बोलणार म्हणून सगळे थांबलो. आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. तात्या दारातच. त्यांना बस म्हणायलाही कुणाला सुचेना. आणि मग माझा बाप, ज्यानं त्या ओट्यावर बसून अख्ख्या वाडीची भांडणं मिटवली होती, तो माझ्याकडं वळला आणि हळूच म्हणाला,

"सुमे, बोलू का गं?"

मी म्हटलं, "अहो आबा, बोला की! आपले तात्या हायेत."

तेव्हा आबा बोलले. "किसना, तू मनाला लावून घिऊ नको. हीच आडवी आली आसंल." तात्यांची मान वर झाली. त्यांचे ओठ हलले, आता ते "न्हाई नामा" म्हणणार, इतक्यात आबांनी घाईघाईनं पुढं जोडलं, "पर हे कुठं लिवून दिऊ नको बरं."

तात्या आबांकडं बघतच राहिले. लहानपणापासून एका बांधाला बांध लावून राहिलेली ही दोन माणसं. तात्यांनी लोटा ओट्याच्या कडेला ठेवला.

"नामा," ते म्हणाले, "आरं, मला लिवाया येतंय व्हय?"

आणि चहा न घेता गेले. आत आई रडायला लागली, पाय दुखतोय म्हणून रडतेय असं म्हणाली. आबा खांबाकडं तोंड करून बसले. बबनदादानं लोटा उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी तात्यांची सून आमचं पाणी भरायला आली. आईचं प्लास्टर निघेपर्यंत येत होती, एक दिवस चुकला नाही. जे तात्यांनी तोंडानं म्हणायचं होतं, ते त्यांनी करून दाखवलं. पण ओट्यावर बसायला ते पुन्हा आलेले नाहीत. आबा आणि ते बांधावर भेटतात, पावसापाण्याचं बोलतात, आणि दोघंही शब्द मोजूनमापून वापरतात. ऑफिसात अशिलं बोलतात तसं.

पुण्यात मला विचारतात, गावाकडं आता तुझं काय उरलंय? शेत आहे, आई आहे, दादा डाव्या हातानं पेरणीची पाभर धरायला शिकलाय. सगळं आहे की. पण माझ्या लेखी घर म्हणजे जिथं आबा वाटेल त्याला वाटेल ते बोलून टाकायचे आणि कुणी त्यांचं बोलणं त्यांच्यावर उलटवायचं नाही, ती जागा. ती मला कुठलं कोर्ट परत मिळवून देणार?

आता मी पुण्याला परत निघाले की आबा काष्टीपर्यंत ट्रंक घेऊन येतात. आता ते गप्प राहत नाहीत. गाडी हलली की खिडकीला हात लावून चार पावलं बरोबर चालतात आणि म्हणतात, "सुमे, जपून बोल."